श्वेतपेशींचे प्रकारभेद : वर्गीकरणाच्या चार कसोट्या

काचपट्टीवर रक्ताचा एक थेंब पातळ पसरून वाळवावा, त्यावर लीशमन यांचा रंजक घालावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, म्हणजे तांबड्या पेशींच्या दाट गर्दीत मधूनमधून जांभळ्या केंद्रकाच्या काही मोठ्या पेशी दृष्टीस पडतात. याच श्वेतपेशी होत. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरात तांबड्या पेशी सुमारे ५० लाख असतात, तर श्वेतपेशी केवळ ४,००० ते ११,००० असतात. त्यांतील शंभर पेशी क्रमाने मोजून त्यांची पाच गटांत विभागणी करण्याची पद्धत रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत फार वर्षांपासून रूढ आहे. उदासीनरागी पेशी शेकडा ४० ते ७५, लसीकापेशी २० ते ४०, एककेंद्रकी पेशी २ ते १०, आम्लरागी पेशी १ ते ६ आणि अल्करागी पेशी जेमतेम १, असा हिशेब सामान्यतः आढळतो. मोजण्याचे काम आता बहुतांशी यंत्रांकडे गेले असले, तरी अहवालातील पाच रकाने तेच राहिले आहेत.

या पाच नावांकडे बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतील तीन नावे पेशीला चढणाऱ्या रंगावरून पडली आहेत, एक केंद्रकाच्या स्वरूपावरून आणि एक पेशी ज्या द्रवात विपुल सापडते त्या लसीकेवरून. पेशी शरीरात कोणते कार्य करते यावरून एकही नाव पडलेले नाही. तेव्हा पेशीच्या बाह्य रूपावरून तिच्या कार्याचा कितपत बोध होतो, आणि दोन पेशी 'भिन्न प्रकारच्या' आहेत असे कोणत्या आधारावर म्हणावे, हे प्रश्न उपस्थित होतात. श्वेतपेशीविज्ञानाच्या गेल्या सुमारे दीडशे वर्षांच्या वाटचालीत या प्रश्नांना चार निरनिराळ्या कसोट्यांनी उत्तरे दिली गेली. प्रत्येक कसोटीने काही भेद उघड केले आणि काही झाकून ठेवले. त्या चारही कसोट्यांचा क्रमाने विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. रंगाची कसोटी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीत डांबरापासून कृत्रिम रंग तयार करण्याचा उद्योग भरभराटीस आला. पाउल एर्लिख (१८५४–१९१५) यांनी हे नवे रंग प्राण्यांच्या ऊतींवर वापरून पाहिले आणि १८७९ च्या सुमारास रक्तपेशींतील कणांचे त्यांच्या रंगग्रहणानुसार वर्गीकरण केले. इओसीनसारखा आम्लधर्मी रंग घेणारे कण ज्या पेशींत असतात त्या आम्लरागी, अल्कधर्मी रंग घेणारे कण ज्यांत असतात त्या अल्करागी, आणि ज्यांतील कण या दोहोंपैकी कोणत्याच रंगाने ठळकपणे रंगत नाहीत त्या उदासीनरागी, अशी ही मांडणी होती.

ही मांडणी केवळ नेत्रसुखद होती असे समजणे चुकीचे ठरेल. रंग आणि पेशीतील द्रव्य यांचा संयोग रासायनिक असतो, यावर एर्लिख यांचा भर होता, आणि पुढील संशोधनाने तो सार्थ ठरविला. आम्लरागी पेशींचे कण इओसीन शोषून घेतात याचे कारण त्यांत तीव्र अल्कधर्मी प्रथिने साठविलेली असतात, आणि हीच प्रथिने परजीवी कृमींच्या त्वचेला इजा करतात. कृमी हा एका पेशीने गिळता येण्याजोगा शत्रू नव्हे. त्याच्यावर बाहेरूनच मारा करावा लागतो. अल्करागी पेशींच्या कणांत आम्लधर्मी शर्करायुक्त द्रव्ये असतात व त्यांच्याशी हिस्टामीन बांधलेले असते. ते बाहेर पडले की रक्तवाहिन्या विस्फारतात आणि सूज येते. म्हणजे या दोन प्रकारांत रंग हा शस्त्राचाच रासायनिक परिचय होता.

या कसोटीचा व्यवहारातील उपयोगही मोठा आहे. १९४० मध्ये मदनपल्ली येथील क्षयरोग-आरोग्यधामात काम करणाऱ्या फ्रिमोट-म्यूलर व बार्टन यांनी क्षयासारख्या दिसणाऱ्या, परंतु रक्तात आम्लरागी पेशींची विलक्षण वाढ असणाऱ्या रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४३ मध्ये वाइनगार्टेन यांनी या विकाराला 'उष्णकटिबंधीय इओसीनाधिक्य' अशा अर्थाचे नाव दिले. हा विकार हत्तीरोगाच्या सूक्ष्म कृमींविरुद्ध शरीराने दिलेल्या अतिरेकी प्रतिसादातून उद्भवतो, हे नंतर निश्चित झाले. खोकला व दम यांनी त्रस्त झालेला रुग्ण क्षयाचा की कृमींचा, याचा पहिला संकेत येथे एका रंगानेच मिळतो.

तथापि रंगाची कसोटी कणांवर अवलंबून आहे. जेथे ठळक कण नाहीत तेथे ती मुकी होते. लसीकापेशी ही अशीच पेशी होय. जवळजवळ सर्व जागा व्यापणारे गोल, गडद केंद्रक आणि त्याभोवती पेशीद्रव्याची एक बारीक कडा, एवढेच तिचे रूप. रंगाच्या दृष्टीने तिच्यात सांगण्यासारखे काहीच नव्हते.

२. कृतीची कसोटी

दुसरी कसोटी रंगविलेल्या मृत पेशींवरून नव्हे, तर जिवंत पेशींच्या निरीक्षणातून निघाली. १८८२ मध्ये सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती डिंभाच्या भटक्या पेशी गोळा झालेल्या दिसल्या. परकीय पदार्थाकडे धावून जाणे आणि शक्य असल्यास त्याला गिळणे हेच या पेशींचे संरक्षणकार्य होय, असे प्रतिपादन त्यांनी केले आणि अशा पेशींना 'भक्षिपेशी' अशा अर्थाचे नाव मिळाले.

या कसोटीवर उदासीनरागी व एककेंद्रकी पेशी शेजारी आल्या. त्याचबरोबर त्यांच्यातील भेदही स्पष्ट झाला. उदासीनरागी पेशी संख्येने सर्वाधिक आणि आयुष्याने अल्प. अस्थिमज्जा त्या दररोज सुमारे १०० अब्ज या प्रमाणात निर्माण करते. जखमेत जीवाणू शिरताच त्या प्रथम पोहोचतात, त्यांना गिळतात, ऑक्सिजनपासून बनविलेल्या दाहक द्रव्यांनी मारतात आणि स्वतःही मरतात. पू हा प्रामुख्याने त्यांच्याच अवशेषांचा बनलेला असतो. मरताना त्या आपल्या केंद्रकातील धागे बाहेर टाकून त्यांच्या जाळ्यात जीवाणूंना अडकवितात, असे २००४ मध्ये दाखविण्यात आले. एककेंद्रकी पेशी मात्र रक्तातून ऊतींत उतरतात व तेथे महाभक्षी पेशींचे रूप धारण करून दीर्घकाळ राहू शकतात. शत्रूला गिळण्याबरोबरच मृत पेशींची विल्हेवाट लावणे आणि जखम भरून येण्यास साह्य करणे हीही त्यांची कामे आहेत.

मेचनिकॉव्ह यांच्या मताला प्रबळ विरोध झाला. १८९० मध्ये बेरिंग व कितासातो यांनी रोगमुक्त प्राण्याच्या रक्तजलात विषाचा परिहार करणारा गुण असतो, हे सिद्ध केले होते. त्यामुळे संरक्षणाचे मर्म पेशींत नसून द्रवात आहे, असे मानणारा पक्ष बलवान झाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह व एर्लिख यांना विभागून देण्यात आले, तेव्हा दोन्ही पक्षांचा गौरव झाला. वाद मात्र मिटला नाही. रक्तजलातील प्रतिपिंडे निर्माण करणारी पेशी कोणती, हा प्रश्न अनुत्तरितच राहिला. १९४८ मध्ये आस्ट्रिड फाग्रेउस यांनी ती प्लाझ्मा पेशी असल्याचे दाखविले, परंतु प्लाझ्मा पेशी कोठून येते हे कळावयाचे होते. लसीकापेशी गिळत नाही, तिच्यात कण नाहीत, ती विशेष हालचालही करीत नाही. सबब कृतीच्या कसोटीवरही ती निरुद्योगी ठरली. रक्तातील श्वेतपेशींपैकी सुमारे चतुर्थांश पेशींचे प्रयोजन विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अज्ञात होते, ही गोष्ट विचारात घेण्यासारखी आहे.

३. जन्मस्थानाची कसोटी

हे अज्ञान दूर होण्यास १९५० नंतर प्रारंभ झाला. ऑक्सफर्ड येथे जेम्स गावन्स यांनी उंदरांच्या वक्षातील मुख्य लसीकावाहिनीतून पेशी सतत काढून घेतल्या, तेव्हा त्यांची संख्या हळूहळू घटत गेली. त्याच पेशी रक्तात परत सोडल्या की संख्या पूर्ववत होई. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कार्यावरून असे निष्पन्न झाले की लसीकापेशी काही तासांत नष्ट होत नाहीत. त्या रक्तातून लसीकाग्रंथींत आणि तेथून पुन्हा रक्तात असे अखंड भ्रमण करीत असतात. निरुद्योगी समजली गेलेली पेशी वस्तुतः सतत गस्त घालीत होती.

याच सुमारास दोन अवयवांनी या पेशीचे दुभंगलेले स्वरूप उघड केले. त्यांपैकी पहिला अवयव म्हणजे पक्ष्यांच्या अवस्कराजवळ असणारी फाब्रिसियस यांची पिशवी, अर्थात बर्सा. अमेरिकेतील ओहायो येथे ब्रूस ग्लिक यांनी कोंबडीच्या पिलांतील ही पिशवी काढून टाकली होती. त्यांचे सहाध्यायी टिमोथी चँग यांना वर्गातील प्रात्यक्षिकासाठी प्रतिपिंडे असलेले रक्तजल हवे होते. त्यासाठी त्यांनी त्याच कोंबड्या वापरल्या. परंतु जीवाणू टोचूनही त्यांच्या रक्तात प्रतिपिंडे निर्माण झाली नाहीत. हा फसलेला पाठ म्हणजे एक शोध होता. १९५६ मध्ये तो कुक्कुटविज्ञानाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यामुळे वैद्यकातील संशोधकांचे लक्ष त्याकडे उशिरा गेले.

दुसरा अवयव म्हणजे उरोस्थीमागील यौवनलोपी ग्रंथी, अर्थात थायमस. १९६१ मध्ये जॅक मिलर यांनी नवजात उंदरांतील ही ग्रंथी काढून टाकली. त्या उंदरांच्या रक्तात लसीकापेशी फार कमी झाल्या, ते संसर्गांना सहज बळी पडू लागले आणि परक्या वंशाच्या उंदराच्या कातडीचे कलमही त्यांनी नाकारले नाही. १९६५ मध्ये मॅक्स कूपर व त्यांचे सहकारी यांनी कोंबड्यांत दोन्ही अवयवांचे कार्य वेगळे करून दाखविले. बर्सा गेली की प्रतिपिंडे जातात. थायमस गेली की कलम नाकारण्याची शक्ती जाते. थायमसमध्ये परिपक्व होणाऱ्या पेशींना 'टी' आणि बर्सामधील पेशींना 'बी' ही अक्षरे पुढे मिळाली. सस्तन प्राण्यांत बर्सा नसते. त्यांत बी पेशी अस्थिमज्जेत तयार होतात. अस्थिमज्जेचे इंग्रजी नाव 'बोन मॅरो' असे असल्याने अक्षर बदलण्याची वेळ आली नाही. १९६८ मध्ये मिलर व मिचेल यांनी हेही दाखविले की प्रतिपिंडे बी पेशींच्या वंशातच निर्माण होत असली, तरी बहुधा टी पेशींचे साह्य मिळाल्यावाचून ती पुरेशी होत नाहीत. प्लाझ्मा पेशी ही बी पेशीचीच अंतिम अवस्था होय.

प्रयोगशाळेतील या विभागणीचा प्रत्यय रोग्याच्या शय्येपाशीही येतो. १९५२ मध्ये ऑग्डेन ब्रूटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाचे वर्णन केले. त्याला जीवाणूंचे गंभीर संसर्ग पुनःपुन्हा होत होते आणि त्याच्या रक्तजलात प्रतिपिंडांचा अंश जवळजवळ नव्हता. अशा मुलांत बी पेशींची वाढ खुंटलेली असते. टी पेशी मात्र असतात, आणि त्यामुळे बऱ्याच विषाणुजन्य रोगांतून ती बरी होतात. उलट १९६५ मध्ये अँजेलो डी जॉर्ज यांनी जन्मतः थायमस नसलेल्या बालकांकडे लक्ष वेधले. त्यांच्यात टी पेशींचा अभाव असतो व विषाणू आणि बुरशी यांपुढे ती हतबल होतात. पहिल्या प्रकारच्या मुलाच्या रक्तातील लसीकापेशी केवळ मोजल्या, तर त्यांची संख्या पुष्कळदा सामान्यच भरते, कारण रक्तातील बहुतेक लसीकापेशी टी प्रकारच्या असतात. रकान्यातील आकडा अविकल दिसतो आणि मूल मात्र असुरक्षित असते. पेशींचे प्रकार ओळखणे हा केवळ नामकरणाचा प्रश्न नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. ब्रूटन यांच्या रुग्णाला प्रतिपिंडांची इंजेक्शने नियमाने दिल्यावर त्याचे संसर्ग थांबले. जे उणे होते ते नेमके कळल्यामुळेच हा उपचार शक्य झाला.

४. पृष्ठभागावरील खुणांची कसोटी

टी पेशी आणि बी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात. त्यांना वेगळे ओळखण्याचे साधन १९७५ मध्ये केलर व मिलश्टाइन यांनी उपलब्ध करून दिले. एकाच पेशीच्या वंशातून एकच प्रकारचे प्रतिपिंड हवे तितके निर्माण करण्याची ही पद्धती होय. अशा प्रतिपिंडाला चमकणारा रंजक जोडला म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरील विशिष्ट रेणू तेवढा ओळखता येतो. एर्लिख यांचा रंग पेशीतील द्रव्याच्या सामान्य रासायनिक स्वभावाला चिकटत होता; हा नवा रंग एकाच रेणूला चिकटतो. या खुणांना क्रमांक देण्याची 'सीडी' पद्धती १९८२ मध्ये पॅरिस येथील परिषदेत सुरू झाली. आज या क्रमांकांनी ३७० ची मर्यादा ओलांडली आहे.

या कसोटीने टी पेशींचेही विभाजन झाले. सीडी ८ ही खूण असणाऱ्या पेशी विषाणूने ग्रासलेल्या पेशींना ठार करतात. सीडी ४ असणाऱ्या पेशी इतर पेशींना चेतना व दिशा देतात. एड्स या रोगाचे पहिले वृत्तांत १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा हा भेद जीवनमरणाचा ठरला. त्या रोगाचा विषाणू सीडी ४ या रेणूलाच चिकटून पेशीत प्रवेश करतो. प्रारंभीच्या काळात सीडी ८ पेशी वाढतात व त्यामुळे लसीकापेशींची एकूण संख्या फारशी घटलेली दिसत नाही. सीडी ४ पेशी मात्र उत्तरोत्तर कमी होत जातात आणि एका घन मिलिमीटरात २०० च्या खाली गेल्या की शरीर गंभीर संसर्गांना खुले होते. एकूण संख्या पाहणाऱ्याला ही झीज दिसली नसती.

यानंतर प्रकारांची संख्या वाढतच गेली. पूर्वपरिचयावाचून अर्बुदपेशींना मारणाऱ्या नैसर्गिक मारक पेशी १९७५ मध्ये वर्णिल्या गेल्या. त्या लसीकापेशींसारख्या दिसल्या तरी टी नाहीत आणि बीही नाहीत. प्रतिसाद आवरता घेणाऱ्या नियामक टी पेशी शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये दाखविल्या. त्या बिघडल्या तर शरीर स्वतःच्याच ऊतींवर उलटते. या विषयातील कार्याबद्दल मेरी ब्रंकाउ, फ्रेड रॅम्सडेल व साकागुची यांना २०२५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

एका प्रकारातील वैविध्य

येथपर्यंत प्रकारांतील भेदांचा विचार झाला. लसीकापेशींचे खरे वैशिष्ट्य मात्र एकाच प्रकाराच्या पोटातील वैविध्यात आहे. दोन उदासीनरागी पेशी परस्परांऐवजी काम करू शकतात. दोन बी पेशी सहसा करू शकत नाहीत. प्रत्येक बी पेशीच्या पृष्ठभागावर एकाच घडणीचे ग्राही असतात आणि ते ठरावीक आकाराच्या प्रतिजनालाच जुळतात. प्रतिजन शिरला की ज्या मोजक्या पेशींशी तो जुळतो त्यांचीच वाढ होते, अशी उपपत्ती मॅकफार्लेन बर्नेट यांनी १९५७ मध्ये मांडली आणि ती पुढे मान्य झाली. संसर्ग ओसरल्यावर त्या वंशातील काही पेशी मागे राहतात. लसीचा परिणाम टिकतो तो प्रामुख्याने याच स्मृतिपेशींमुळे.

परंतु मानवाच्या जनुकसंचात प्रथिनांची जनुके सुमारे २०,००० च आहेत. मग कोट्यवधी घडणींचे ग्राही येतात कोठून? याचे उत्तर सुसुमू तोनेगावा यांच्या १९७६ पासूनच्या कार्यातून मिळाले. ग्राहीचे जनुक अखंड नसते. ते तुकड्यांच्या रूपात असते व पेशी परिपक्व होताना तुकडे निवडून जोडले जातात. मानवी प्रतिपिंडाच्या जड साखळीसाठी सुमारे ४०, २३ व ६ अशा तीन संचांतून एकेक तुकडा निवडला जातो. म्हणजे ४० × २३ × ६ = ५,५२० जोडण्या शक्य होतात. हलक्या साखळीच्या सुमारे ३२० जोडण्यांशी त्यांचा गुणाकार केला असता संख्या १७ लाखांच्या पुढे जाते. सांध्यांच्या ठिकाणी अक्षरे यदृच्छया घातली वा गाळली जातात, त्यामुळे प्रत्यक्ष वैविध्य याहून कितीतरी पटींनी अधिक असते. टी पेशींचे ग्राहीही याच रीतीने घडतात. जी पेशी रंगाच्या व कृतीच्या कसोट्यांवर सर्वांत एकजिनसी दिसली, तीच सर्वांत बहुविध निघाली.

समारोप

चार कसोट्यांच्या या इतिहासावरून आधीची कसोटी खोटी व नंतरची खरी, असा निष्कर्ष काढणे उचित होणार नाही. १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन व झानविल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत लांब शाखा असणारी एक अपरिचित पेशी पाहिली. ती त्यांनी ओळखली ती तिच्या आकारावरून व हालचालीवरूनच. टी पेशींना प्रतिजनाचा परिचय करून देणारी हीच ती शाखापेशी, आणि तिच्या शोधाबद्दल स्टाइनमन यांना २०११ मध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले. उलटपक्षी, जन्मस्थानाची कसोटीही सर्वत्र निर्णायक नाही. ऊतींतील महाभक्षी पेशी रक्तातील एककेंद्रकी पेशींपासूनच येतात, असे दीर्घकाळ मानले जात होते. मेंदूतील अशा पेशी मात्र गर्भावस्थेतच पीतक कोशातून येऊन तेथे स्थिरावतात, असे २०१० मध्ये दिसून आले. भिन्न उगमाच्या पेशी एकच नाव धारण करू शकतात, हा त्याचा अर्थ होय.

२००९ पासून एकेका पेशीत कोणती जनुके कार्यरत आहेत हे वाचण्याच्या पद्धती हाती आल्या आहेत व त्यांच्या आधारे नवनवे गट सुचविले जात आहेत. तेथे विशेष सावधगिरी आवश्यक आहे. एकच महाभक्षी पेशी संसर्गाच्या वेळी मारक आणि जखम भरताना पोषक असे भिन्न वर्तन करू शकते. तिच्या या दोन अवस्थांना दोन जाती मानण्याचा प्रयत्न झाला, परंतु त्या एकाच पट्ट्याची दोन टोके असल्याचे दिसून आले. जनुकांच्या यादीतील फरक हा प्रकाराचा फरक की परिस्थितीचा, हे त्या यादीवरूनच ठरविता येत नाही. त्यासाठी पेशीचा उगम, तिचे कार्य आणि तिच्या अभावी शरीराची होणारी हानी या तिन्हींची साक्ष घ्यावी लागते. पेशीचा प्रकार हे निसर्गाने लावलेले लेबल नसून निरीक्षकाने मांडलेले अनुमान आहे, आणि अन्य प्रत्येक अनुमानाप्रमाणे तेही तपासणीस पात्र आहे. रक्ततपासणीच्या अहवालातील पाच रकाने आजही उपयुक्त आहेत. मात्र त्यांतील 'लसीकापेशी' या एका रकान्यामागे काय दडलेले असू शकते याची जाणीव ठेवूनच ते वाचले पाहिजेत.